सावधगिरीचा उपदेश आणि जबाबदारीची पळवाट

२०२४-२५ मध्ये काही महिने या देशात कोणीही कोणालाही फोन लावला, तरी पलीकडचा माणूस बोलण्यापूर्वी एक ओळखीचा खर्जातला आवाज ऐकावा लागे. अनोळखी फोनपासून सावध राहा, कोणाच्या धमकीला बळी पडू नका, असा त्याचा उपदेश असे. डॉक्टरांना फोन लावणाऱ्याने तो ऐकला, गावाकडच्या आजारी आईची चौकशी करणाऱ्या कामगाराने तो ऐकला आणि फसवला गेल्यावर घाबरून मुलाला हाक मारणाऱ्या बापानेही तो ऐकला. लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये ती ध्वनिफीत बंद करावी लागली. तिच्यावर विनोद पुष्कळ झाले. विचार मात्र झाला नाही. वस्तुतः शासनाच्या संपूर्ण धोरणाचा सारांशच त्या ध्वनिफितीत होता. चोर मोकळा आहे, चोराला वाट करून देणारा मोकळा आहे, चोरीचा पैसा ज्याच्या तिजोरीतून फिरतो तोही मोकळा आहे. तेव्हा घरमालका, रात्रभर तूच जागा राहा!

हाच सूर सर्वोच्च पातळीवरूनही लागला. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणात थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा तीन पायऱ्यांचा मंत्र नागरिकांना दिला. मंत्र सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पण त्यातील तिन्ही क्रियापदांचा कर्ता एकटा नागरिक आहे. बँकेने थांबायचे नाही, टेलिफोन कंपनीने विचार करायचा नाही आणि शासनाने कृती करायची नाही, अशी ही श्रमविभागणी आहे.

प्रश्न किती मोठा आहे? गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले; २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर गेला. एका वर्षात तिप्पट! २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात साऱ्या देशाच्या ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६,००० कोटींची तरतूद होती. तिच्या चौथ्या हिश्शाहून मोठी रक्कम चोरांनी एका वर्षात उचलली. या फसवणुकीचे प्रकार अनेक आहेत; पण त्यांतल्या पुष्कळांची सुरुवात घरात वाजणाऱ्या फोननेच होते. आणि हे पैसे आहेत कोणाचे? सट्टेबाजांची संपत्ती काही एका फोनने नाहीशी होत नाही. जाते ती शिक्षकाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, विधवेची मुदतठेव आणि मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेली पुंजी.

लोभी आणि अडाणी?

अशा वेळी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात एक ठरलेले वाक्य ऐकू येते: 'लोकच लोभी आणि अडाणी आहेत, त्याला सरकार काय करणार?' हा युक्तिवाद नवा नाही. सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्यालाही तो ऐकवला गेला होता, आणि यंत्रात हात गेलेल्या कामगाराला तर तो आजही ऐकवला जातो. पीडिताचा दोष सिद्ध झाला की व्यवस्थेची चौकशी आपोआप थांबते, हे या युक्तिवादाचे खरे प्रयोजन.

वस्तुस्थिती मात्र त्याला छेद देते. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस लुधियानातील एका नामांकित वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना तपास यंत्रणेचे अधिकारी म्हणवणाऱ्यांनी चित्रफोनवर नजरकैदेत ठेवले. त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली, त्यात खोटे सरन्यायाधीशही बसवले आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. आयुष्यभर शेकडो कोटींचे व्यवहार केलेला हा माणूस ना अडाणी होता, ना त्या क्षणी लोभी. २०२५ मध्ये हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याचे एक कोटीहून अधिक रुपये न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून लुबाडण्यात आले. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा तथाकथित 'डिजिटल अटके'च्या प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. या दोन्ही प्रकरणांत माणसे फसली ती लोभापायी नव्हे. ती फसली भयापायी. म्हणून विचारायचे ते असे, की हे भय आले कोठून?

चोराने आवाज उसना घेतला कोणाचा?

फोनवरचा ठग स्वतःच्या आवाजात कधीच बोलत नाही. तो पोलिसाच्या, सीमाशुल्क खात्याच्या, बँकेच्या आणि टेलिफोन खात्याच्या आवाजात बोलतो. 'दोन तासांत तुमचा क्रमांक बंद होईल', 'ओळखपत्रांची पूर्तता न केल्यास खाते गोठवले जाईल', 'तुमच्या नावे गुन्हा नोंद आहे'. ही भाषा ठगाने कल्पनेतून रचलेली नाही. ती त्याने ऐकून पाठ केली आहे.

२०१७ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी मार्चमध्ये दूरसंचार खात्याने प्रत्येक मोबाइल क्रमांकाची आधारद्वारे फेरपडताळणी करण्याचे परिपत्रक काढले. जूनमध्ये बँक खात्यांनाही आधार जोडण्याची सक्ती आली. त्यानंतर कित्येक महिने या देशातील कोट्यवधी नागरिकांवर खऱ्याखुऱ्या बँकांकडून आणि खऱ्याखुऱ्या कंपन्यांकडून धमकीवजा संदेशांचा पाऊस पडत होता. अमुक तारखेपर्यंत जोडणी करा, नाहीतर सेवा बंद. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक खाती आणि मोबाइल क्रमांक या दोहोंबाबतची ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे ज्या धमक्यांपुढे नागरिकांना रांगेत उभे केले गेले, त्यांना कायद्याचा आधारच नव्हता. त्याबद्दल कोणी क्षमा मागितली नाही. पण त्या काळात एक शिक्षण मात्र पुरे झाले: फोनवर हुकूम आला की विचारायचे नाही, पाळायचा. ठगाने पुढे कापणी केली. पेरणी शासनाने आधीच करून ठेवली होती.

अटकेच्या भीतीचेही तसेच आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे सांगावी लागतात, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते. फोनवरून अटक करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. हे ज्याला ठामपणे ठाऊक आहे, त्याला चित्रफोनवरचा गणवेशधारी हलवू शकत नाही. परंतु ज्या समाजात चौकशीचे नुसते बोलावणे हीच शिक्षा होऊन बसली आहे, जामीन हा अपवाद झाला आहे आणि खटला उभा राहण्यापूर्वी वर्षानुवर्षे तुरुंगात काढणारी माणसे वर्तमानपत्रांतून रोज भेटतात, त्या समाजातला नागरिक 'मला माझे हक्क माहीत आहेत' असे कोणत्या बळावर म्हणणार? १९७५ ते १९७७ या काळात मध्यरात्री दार वाजणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले त्यांना याचे उत्तर निराळे सांगायला नको. राज्यसंस्थेचे भय जितके मोठे, तितके तिचे सोंग घेणाऱ्याचे काम सोपे.

फुकट झालेला फोन

आता या प्रश्नाच्या अर्थशास्त्राकडे वळावे, कारण मूळ तेथे आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलून मोबाइल सेवेचा प्रारंभ केला, तेव्हा बोलणाऱ्याला तर पैसे पडतच, ऐकणाऱ्यालाही पडत. २००३ मध्ये येणारे फोन निःशुल्क झाले, हे योग्यच झाले. त्यानंतर ज्या कंपनीच्या ग्राहकाने फोन लावला, ती कंपनी तो पोचवणाऱ्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे देत असे. हे शुल्क ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे होते आणि १ जानेवारी २०२१ पासून ते शून्यावर आले. सामान्य माणसाला स्वस्त बोलणे मिळाले, त्याविषयी तक्रार नाही. पण त्याचबरोबर आणखी एका गोष्टीचा भाव शून्यावर आला, आणि तिची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. ती म्हणजे नागरिकाचा वेळ, त्याची झोप आणि त्याचे लक्ष.

कारखान्याने धूर सोडला की त्याचा खर्च शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांवर पडतो. कारखान्याच्या हिशेबात तो दिसत नाही. यंत्राने लावलेल्या फोनचे गणित हेच आहे. एक ध्वनिमुद्रित आवाज लाखभर घरांत घंटा वाजवतो. त्यांतल्या दहा-वीस जणांनी कर्ज घेतले, विमा काढला किंवा भूखंडाची चौकशी केली, तरी लावणाऱ्याचा खर्च वसूल होतो. उरलेल्या हजारोंनी भाकरी थापताना हात पुसले, रिक्षा कडेला घेतली, तापाने फणफणलेल्या मुलाजवळून उठून दार ओढून घेतले. त्याचे मोल कोण देतो? कोणीच नाही. ज्या वस्तूचे मोल द्यावे लागत नाही, तिची उधळपट्टी होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही.

आणि येथेच सभ्य विक्रेता आणि ठग यांच्यातील भिंत पातळ होते. दोघांचा रस्ता एक, दोघांना लागणारा कच्चा माल एक. तो माल म्हणजे नावे, क्रमांक, वय, ठेवी आणि आजार यांच्या याद्या. घर पाहायला गेलेल्याने, दवाखान्याच्या खिडकीवर अर्ज भरलेल्याने किंवा दुकानात सवलतीच्या लोभाने क्रमांक सांगितलेल्याने आपण कशाला संमती दिली, हे त्याला कधीच कळत नाही. दिवसातून चार वेळा 'मी बँकेतून बोलतोय' असे सांगणारे खरे फोन येत असतील, तर पाचवा खोटा आहे हे त्याने ओळखायचे कशावरून? कायदेशीर उपद्रवाने पाडलेल्या पायवाटेवरूनच बेकायदेशीर दरोडेखोर चालत येतो.

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नको असलेल्या फोनसाठी क्रमांक नोंदवण्याची यादी २००७ च्या नियमांनी आली. ती अपुरी ठरली म्हणून २०१० चे नियम आले, तेही पुरले नाहीत म्हणून २०१८ चे आले, आणि त्यांत फेब्रुवारी २०२५ मध्ये दुरुस्ती झाली. या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली आणि कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारींची जी अट होती, ती दहा दिवसांत पाच तक्रारींवर आणली. दंडही २ लाखांपासून १० लाखांपर्यंत ठरवला. सुधारणा आहे, हे मान्य. पण अठरा वर्षांच्या या प्रवासात मूळ तत्त्व ढळले नाही: कोणालाही त्रास देण्याची मुभा आधी, आणि तो नको असल्यास नोंदणीची यातायात नागरिकाची. लोकशाहीत हे उलटे असायला हवे. दाराची कडी आतून असते. बाहेरच्याने वाजवायचे आणि आतल्याने उघडायचे, असा सभ्यतेचा नियम आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम २८ मध्ये पूर्वसंमतीचा उल्लेख आहे खरा, पण सरकार तसे नियम 'करू शकेल' अशा शब्दांत. केलेच पाहिजेत, असे कायदा म्हणत नाही.

हे थांबवताच येत नाही, तंत्रज्ञान फार पुढे गेले आहे, असे सांगितले जाते. त्याचे खंडन शासनाच्याच आकड्यांनी केले आहे. परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांकाचे सोंग घेतलेले फोन अडवणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांत तिने १ कोटी ३५ लाख फोन अडवले. अडवले याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मग आदल्या दिवशी, आदल्या महिन्यात, आदल्या वर्षी हे फोन घराघरांत शिरत होते, ते कोणाच्या परवानगीने? ज्या कंपन्यांना राष्ट्राच्या मालकीच्या ध्वनिलहरी वापरण्याचा परवाना मिळाला आहे आणि ज्या घाऊक जोडण्या विकून कमाई करतात, त्यांना आपल्या तारेवरून काय वाहते याची जबाबदारी का नको?

माहितीचा कायदा आणि त्यातील क्रम

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडले आणि त्याचे नियम निघायला नोव्हेंबर २०२५. नियम निघाले, तरी कंपन्यांवरील मुख्य बंधने अमलात येण्यासाठी तेथून अठरा महिन्यांची सवलत ठेवली गेली. मात्र याच कायद्यातील ज्या कलमाने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ ला कात्री लावली, ते कलम तत्काळ लागू झाले. नागरिकाचा क्रमांक दलालांपासून वाचवायला दीड वर्ष थांबता येते, पण अधिकाऱ्याची माहिती नागरिकापासून वाचवायला एक दिवसही थांबता येत नाही! कायद्याच्या अंमलबजावणीचा क्रम पाहिला की राज्यकर्त्यांच्या अग्रक्रमाचा वेगळा पुरावा लागत नाही. या कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, त्याचा गवगवा झाला. तो दंड सरकारजमा होणार आहे आणि ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरी त्यातला छदामही पडणार नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही.

फसवणाराही कोण?

या धंद्याच्या पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील लोकांना तिथल्या प्राप्तिकर खात्याच्या नावाने धमकावून लुबाडले जात होते. त्या रात्री सातशेच्या आसपास तरुण-तरुणी ताब्यात घेण्यात आल्या. इंग्रजी बोलता येणारी, शिकलेली, नोकरी शोधणारी ही मुले. समोर कागद ठेवला होता आणि तो वाचायचा पगार मिळत होता. कमाईचा डोंगर ज्यांच्याकडे गेला ते मूठभर.

झारखंडमधील जामताडा हे नाव आज फोनवरच्या फसवणुकीचे प्रतिशब्द झाले आहे. त्याच जिल्ह्यातील करमाटांड येथे ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी आयुष्याच्या उत्तरकाळातील बरीच वर्षे संथाळ आदिवासींच्या सहवासात काढली, त्यांच्यासाठी शाळा आणि औषधोपचार चालवले. तेथील रेल्वे स्थानकाला त्यांचे नाव आहे. विद्यासागरांच्या नावाच्या स्थानकाभोवतीच्या पोरांच्या हाती पुस्तकाऐवजी चोरीची सिमकार्डे कशी आली, याचे उत्तर केवळ पोलीस ठाण्यात सापडणार नाही. जेथे शाळा नावाला, शेती पावसावर आणि रोजगार परमुलखात, तेथे स्वस्त मोबाइल हेच भांडवल ठरले.

आणि याहून भीषण चित्र सरहद्दीपलीकडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या कामाला बळजबरीने जुंपलेली असावीत. चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून बोलावायचे, पारपत्र काढून घ्यायचे, कुंपणात कोंडायचे आणि ठरलेली रक्कम लुटून दिली नाही तर मारहाण करायची, अशी ही वेठबिगारी आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना या नरकातून परत आणले. म्हणजे फोनच्या एका टोकाला निवृत्त माणूस आपली पुंजी गमावतो आहे आणि दुसऱ्या टोकाला बेकार तरुण आपले स्वातंत्र्य. या दोघांच्या मधल्या तारेवर जो नफा जमा होतो, त्याला मात्र चेहरा नाही.

याचा अर्थ गुन्हेगाराला दया दाखवावी, असा नाही. ज्याने म्हातारीची पुंजी लुटली त्याला कठोर शिक्षा झालीच पाहिजे. पण प्याद्यांना तुरुंगात टाकून वजीर सुटत असेल आणि ज्या बेकारीतून प्यादी तयार होतात ती तशीच राहत असेल, तर जामताडा संपणार नाही. तो फक्त गाव बदलत राहील.

नुकसान कोणी सोसायचे?

आता कळीच्या प्रश्नाकडे यावे. चोरी झाल्यावर नुकसान कोणाच्या माथी? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरवले, की ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना खात्यातून परस्पर पैसे गेले आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार नाही. पण ग्राहकाने स्वतः गुप्त संख्या सांगितली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. फसवून, धमकावून ज्याच्याकडून पैसे पाठवून घेतले जातात, तो या रक्षणाच्या बाहेरच राहतो. आजची मोठी फसवणूक नेमकी याच प्रकारची आहे.

ब्रिटनने दुसरा मार्ग धरला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तेथे फसवून वळवून घेतलेल्या रकमेची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक आहे. ती पैसे पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मी-निम्मी सोसायची असते. अमेरिका काही समाजवादी राष्ट्र नव्हे; पण तेथेही १९९१ च्या कायद्यानुसार नियमबाह्य यांत्रिक फोनबद्दल नागरिक स्वतः न्यायालयात जाऊन दर फोनमागे ५०० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या त्रासाबद्दल १,५०० डॉलरपर्यंत मागू शकतो. त्याने तेथील उपद्रव संपला असे नाही. पण उपद्रव देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे तत्त्व तरी प्रस्थापित झाले.

यावर बँकांचे वकील म्हणतील, की भरपाई मिळू लागली तर लोक बेफिकीर होतील. बेफिकिरीचा हा सिद्धान्त फक्त गरिबाला लावायचा, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? ज्याला नुकसान सोसावे लागत नाही तो बेफिकीर होतो, हे खरे असेल, तर आज नुकसान न सोसणारी संस्था बँक आहे. ज्या वृद्धाच्या खात्यातून दरमहा औषधांपुरते आणि विजेच्या बिलापुरते पैसे निघतात, त्याने एका दुपारी वीस लाखांची मुदतठेव मोडून ती अनोळखी खात्याकडे वळवली, तरी बँकेच्या संगणकाला त्यात वावगे काही दिसत नाही. तोच संगणक कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर त्याच दिवशी ओळखतो. आणि ते पैसे ज्या भाड्याच्या खात्यांत जातात, ती खाती कोणी उघडली? चार पैशांसाठी स्वतःचे खाते दुसऱ्याला वापरायला देणारा मजूर दोषी असेलही. पण ज्या खात्यात कधी हजार रुपये टिकले नाहीत त्यातून तासाभरात लाखो रुपये वाहून जाताना पाहत राहणारी बँक निर्दोष कशी? भरपाईचा भार बँकेवर पडला की तिच्या संगणकाची दृष्टी एका रात्रीत सुधारेल. शिवाय थोडा खर्च सर्व ग्राहकांवर विभागला गेला तरी चालेल; एकाच्या आयुष्याची राखरांगोळी होण्यापेक्षा तो बरा. विम्याचे तत्त्व याहून निराळे काय आहे?

करायचे काय?

मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, पूर्वसंमती नसलेला प्रत्येक व्यापारी फोन बेकायदेशीर. नोंदणीचे ओझे नागरिकावर नको. दुसरी, फसवून वळवलेल्या रकमेची भरपाई पैसे पाठवणारी आणि स्वीकारणारी बँक यांनी करावी. आणि फोन ज्या कंपनीच्या घाऊक जोडणीवरून आला, तिनेही त्यात वाटा उचलावा. तिसरी, साठी ओलांडलेल्या खातेदाराची मोठी ठेव अनोळखी खात्याकडे निघाली, तर ती काही तास रोखून त्याने सुचवलेल्या विश्वासू व्यक्तीला कळवण्याची तरतूद. चौथी, उपद्रवाची दाद ग्राहक न्यायालयात मागून स्वतःच्या हाती नुकसानभरपाई घेण्याचा हक्क. पाचवी, पोलीस असोत वा बँका, खऱ्या संस्थांनी फोनवरून धमकीची भाषा वापरणे बंद करावे.

सहावी मागणी राजकीय पक्षांनी स्वतःकडे करावी. २००४ च्या निवडणुकीत पंतप्रधान वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज घराघरांतल्या फोनवर घुमला आणि त्यानंतर या साधनाचा मोह फारसा कोणत्या पक्षाला आवरला नाही. मतदाराचा क्रमांक विकत घेऊन त्याच्या कानात शिरणाऱ्या पक्षाला विमा विकणाऱ्याला दोष देण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. समाजवादी म्हणवणाऱ्यांनी तरी मतदाराचे दार प्रत्यक्ष वाजवावे.

पण मागण्या मान्य होईपर्यंत माणसे रोज लुटली जात आहेत. कार्यकर्त्याचे काम आजच सुरू होते. महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. पुण्यात आणि मुंबईत ग्राहक पंचायती उभ्या राहिल्या त्या १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्याच्या दशकभर आधी. त्याच धर्तीवर प्रत्येक वस्तीत दोन कार्यकर्ते असे असावेत, की रात्री अपरात्री भेदरलेल्या माणसाने त्यांना हाक मारावी. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर आणि बँकेत कळवायचे, कारण पैसा पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वीच तो गोठवता येतो. व्यापारी फोनची तक्रार १९०९ वर करायची आणि तिचा पाठपुरावा करायचा. अनुच्छेद २२ चा अर्थ सोप्या मराठीत लिहून तो वाचनालयात, शिधावाटप दुकानात आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या फलकावर लावायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, फसलेल्या माणसाला हसायचे नाही. लाजेपोटी कित्येकजण तक्रारच करत नाहीत, पोटच्या मुलांपासूनही लपवतात आणि ठग त्या मौनावरच जगतो. फसवणूक ही नामुष्की नसून अन्याय आहे, हे वस्तीला पटले की अर्धी लढाई जिंकली.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला 'सावध राहा' म्हणावे. तो जिव्हाळा आहे. शासनाने नागरिकाला तेवढेच सांगून वर फोन ठेवून द्यावा, हा जिव्हाळा नाही. परवाने देणारे, कर घेणारे आणि बँकांवर देखरेख ठेवणारे शासन जेव्हा सावधगिरीचा उपदेश करते, तेव्हा त्याला एकच प्रतिप्रश्न विचारला पाहिजे, आणि तो प्रत्येक सभेत, प्रत्येक ग्राहक न्यायालयात आणि प्रत्येक निवडणुकीत विचारला पाहिजे: आम्ही सावध राहूच, तुम्ही जबाबदार कधी होणार?